ग्रंथरक्षण आणि त्याचें वर्षासन

प्राचीन पोथ्या व कागदपत्र कसे मिळवावे, कसे वाचावे व कसे छापावे याविषयीं आजवर विपुल लिहिलें गेलें आहे. ते राखण्यास दरसाल किती द्रव्य लागतें व तें कोठून यावें, हा विषय मात्र बहुधा संस्थेच्या वार्षिक हिशेबाच्या शेवटच्या पानावर 'किरकोळ खर्च' या सदराखालीं पडून राहतो. वस्तुतः हा खर्च किरकोळ नाहीं, व एकदां करून संपणारा तर मुळींच नाहीं. प्रस्तुत लेखांत त्याचाच विचार करण्याचें योजिलें आहे. आरंभ आमच्या खानदेशांतील एका शिलालेखापासून करूं व तेथून अलीकडील संगणकीय संग्रहांपर्यंत येऊं.

विषय सुचण्याचें कारण असें. आम्ही राहतों तें पहूर हें जामनेर तालुक्यांतील, वाघूर नदीच्या कांठचें गांव. अजिंठ्याचा घाट उतरून जळगांवकडे जाणारा रस्ता येथूनच जातो. गांवाचे पेठ व कसबे असे दोन भाग आहेत. आणि जेथें पेठ व कसबा शेजारीं नांदले तेथें जुने कागद असावयाचेच. आसपासच्या खेड्यांतील कांहीं घराण्यांनीं माळ्यावरील मोडी रुमाल पाहण्यासाठीं आम्हांस वेळोवेळीं बोलाविलें. कागद पाहून झाले म्हणजे घरच्या वडील मंडळींचा प्रश्न ठरलेला असतो: "गुरुजी, हें आतां कोणाला देऊन टाकावें?" तरुण मंडळींचें उत्तरहि ठरलेलें असतें: "फोटो काढून ठेवा, म्हणजे झालें." पहिल्या प्रश्नांत सुटकेची इच्छा आहे व दुसऱ्या उत्तरांत सुटका झाल्याचा भ्रम आहे. कारण पोथी संस्थेस दिली काय किंवा तिचें छायाचित्र काढलें काय, ती राखण्याचें काम कोणा तरी माणसाने दरसाल करावें लागतेंच, आणि त्या माणसाला वेतन द्यावें लागतें.

हें काम तरी कोणतें? फडताळ झाडणें, वाळवी व कसर यांवर नजर ठेवणें, वेखंडाच्या पुरचुंड्या बदलणें, पावसाळा संपतांच रुमाल उघडून वारा देणें, फाटलेल्या पानास पातळ कागद लावणें, यादी करणें, यादीबरहुकूम पानें मोजणें, आलेल्या अभ्यासकास पोथी काढून देणें व ती परत घेतांना पुन्हां पानें मोजणें. यांतील एकहि काम असें नाहीं कीं जें केल्यावर पुढच्या वर्षीं करावें लागत नाहीं. आमचे जुने लेखक पोथीच्या अखेरीस वाचकास बजावून ठेवीत कीं तेलापासून, पाण्यापासून व सैल बंधनापासून तिला जपावें आणि मूर्खाच्या हातीं देऊं नये. बजावणी योग्यच आहे. पण त्यांत बंधन घट्ट करणाऱ्याच्या पोटाची तजवीज नाहीं. ती तजवीज ज्यांनीं केली त्यांचा एक कोरीव लेख आमच्याच जिल्ह्यांत सांपडला, हें आम्ही खानदेशचें भाग्य समजतों.

चाळीसगांवच्या नैऋत्येस डोंगराच्या कुशींत पाटण म्हणून स्थान आहे. पाटणादेवी या नांवानें तें आज प्रसिद्ध आहे. तेथील देवीच्या देवळांतील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं एकोणिसाव्या शतकांत प्रथम विद्वानांच्या नजरेस आणिला, व पुढें कीलहॉर्न यांनीं 'एपिग्राफिया इंडिका'च्या पहिल्या खंडांत तो सविस्तर छापिला. लेख शके ११२८ चा आहे. सिद्धान्तशिरोमणिकार भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी होता. आपल्या आजाच्या ग्रंथांचें अध्ययन अखंड चालावें म्हणून त्यानें पाटण येथें मठ स्थापिला, आणि त्या मठास निकुंभवंशीय सोइदेवानें दान दिलें. सोइदेवामागून त्याचा भाऊ हेमाडिदेव याच्या कारकीर्दींत तें पुढें चाललें. लेखाचा बराच भाग संस्कृत श्लोकांत आहे. परंतु खरा मुद्दा, म्हणजे पैसा कोठून यावा हा, शेवटच्या ओळींत तत्कालीन मराठींत लिहिलेला आहे. संस्कृत कीर्तीसाठीं व मराठी वसुलीसाठीं, अशी ही वांटणी आहे. ज्यानें द्यावयाचें त्याला समजेल अशा भाषेंत देणें लिहावें, एवढा व्यवहार चांगदेवास कळत होता.

त्या मराठी ओळींतील कांहीं शब्दांच्या अन्वयाविषयीं विद्वानांत मतभेद आहेत, तरी एकंदर आशय स्पष्ट आहे. पाटणच्या पेठेंत जो माल विक्रीस उघडला जाईल त्यावर राजास मिळणारें देणें मठास दिलें आहे. तेल्याच्या घाण्यामागें कांहीं तेल द्यावयाचें आहे. माप घालावयाचें तें मठाच्या मापानें घालावें, व मापाबद्दलच्या प्राप्तींत मठाचा हिस्सा असावा, असेंहि ठरविलें आहे. याखेरीज जमीन आहेच.

या व्यवस्थेचें मर्म वाचकांनीं बारकाईनें पाहावें. सोइदेवास एक थैली मठापुढें ठेवून मोकळें होतां आलें असतें. त्यानें थैली न देतां प्रवाहांतील वांटा दिला. धान्याचा भाव चढला तर त्यावरील देणें आपोआप चढावयाचें. पेठ वाढली तर मठाचें उत्पन्न वाढावयाचें. घाणे दुप्पट झाले तर दिव्याचें तेल दुप्पट व्हावयाचें. भाववाढीनें जें दान खाऊन टाकतां येत नाहीं असें दान तें हेंच. शिवाय माप मठाचें ठेविल्यामुळें मठाचा माणूस रोज पेठेंत हजर असणार, म्हणजे वसुली मागें पडण्याची भीतिहि कमी. संशोधनसंस्थांच्या चालकांनीं या चार ओळींचें मनन करावें, असें आम्हांस वाटतें.

पण याच लेखाची दुसरी बाजूहि आहे. आज पाटण येथें पेठ नाहीं, घाणा नाहीं व मठहि नाहीं; भोंवतीं गौताळा-औट्रमघाटाचें अभयारण्य आहे व यात्रेकरू तेवढे येतात-जातात. प्रवाह आटला तेव्हां त्यांतील वांटाहि आटला. तथापि सिद्धान्तशिरोमणि बुडाला नाहीं. त्याच्या पोथ्या देशांत ठिकठिकाणीं लिहिल्या गेल्या होत्या, व ज्यानें त्यानें आपली प्रत आपल्या खर्चानें राखिली होती. तेव्हां पाटणच्या दगडावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. राखणीस ठराविक रकमेपेक्षां वाढता हिस्सा बरा. आणि हिस्सा कितीहि चांगला असला तरी एकाच ठिकाणच्या प्रतीवर विसंबूं नये. पुढील सर्व उदाहरणें आम्ही या दोन कसोट्यांवर घासून पाहणार आहों.

पाटणची रीत राजसत्तेवर अवलंबून होती. राजसत्तेवांचून शतकानुशतकें टिकलेली रीत पाहावयाची तर ती जैनांच्या ज्ञानभांडारांत पाहावी. जैन आचारांत दानाचीं सात क्षेत्रें सांगितलीं आहेत. त्यांत मूर्ति व मंदिर यांच्या जोडीनें आगमग्रंथ हें स्वतंत्र क्षेत्र आहे. ज्ञानासाठीं आलेलें द्रव्य तें ज्ञानद्रव्य. तें ग्रंथांकडेच लागावें, अन्य कामीं खर्चूं नये, असा कडक निर्बंध आहे. कार्तिक शुद्ध पंचमी ही ज्ञानपंचमी. त्या दिवशीं पोथ्या पुढें ठेवून त्यांची पूजा होते, त्या झाडल्या-पुसल्या जातात, वेष्टनें बदलतात, आणि श्रावक यथाशक्ति द्रव्य ठेवितात. पावसाळा संपून हवा कोरडी झालेली असते तोच हा काळ, हें लक्षांत घेतलें म्हणजे या योजनेचें कौतुक वाटतें. पैसा येण्याचा दिवस व काम होण्याचा दिवस एकच! आमच्या कित्येक संस्थांत वर्गणीची तारीख एक, अनुदान येण्याची दुसरी, व रुमाल उघडण्याची तारीख कोणतीच नाहीं. ब्यूलर १८७४ त जेसलमीरचें भांडार पाहण्यास गेला तेव्हां त्यास तेथें कित्येक शतकांपूर्वींच्या ताडपत्री पोथ्या पाहावयास मिळाल्या. कोरड्या हवेचें श्रेय त्यांत मोठें आहे खरें, पण हवा वेष्टनें बदलीत नाहीं.

आतां इंग्रजी अमदानीकडे वळूं. १८६८ त हिंदुस्थान सरकारनें संस्कृत पोथ्यांच्या शोधासाठीं वार्षिक खर्च मंजूर केला, व मुंबई इलाख्यांत ब्यूलर, कीलहॉर्न, पीटर्सन व रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं हजारों पोथ्या मिळविल्या. त्या पुण्यास डेक्कन कॉलेजांत राहत होत्या. ६ जुलै १९१७ रोजीं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाली, आणि १९१८ त सरकारनें हा सुमारें वीस हजार पोथ्यांचा संग्रह त्या संस्थेच्या स्वाधीन केला. सोबत राखणीसाठीं दरसाल तीन हजार रुपये देऊं केले. योगायोग असा कीं त्याच साली तंजावरास भोसले राजघराण्याच्या वारसांनीं आपला सरस्वती महाल ग्रंथसंग्रह लोकांसाठीं खुला करून दिला व त्याच्या निगेसाठीं एक लाख रुपये बाजूस काढून दिले.

या दोन दानांची तुलना उद्बोधक आहे. पुण्याचे तीन हजार वीस हजार पोथ्यांवर वांटले तर पोथीमागें वर्षास अडीच आणेहि पडत नाहींत. त्यांत वेखंड, वेष्टन, फडताळ व चौकीदार सर्व आलें. तंजावरच्या लाखावर शेंकडा साडेतीनप्रमाणें व्याज धरिलें तर वर्षास साडेतीन हजार होतात, म्हणजे रक्कम जवळ जवळ तीच. फरक इतकाच कीं पुण्याचें वर्षासन सरकारच्या मर्जीवर होतें व तंजावरचें मुद्दलावर. पण दोहोंतहि पाटणचा गुण नाहीं. तीन हजार म्हणजे तीन हजार व लाख म्हणजे लाख. १९१८ सालीं जो पगार एका शास्त्र्याचें घर चालवी त्यांत आज एका महिन्याचा भाजीपालाहि येणार नाहीं. आंकडा स्थिर राहतो आणि त्याची किंमत त्याच्या पायांखालून सरकत जाते.

भांडारकर संस्था तरली ती एका झऱ्यावर नव्हे. टाटांच्या देणगीनें तिला वास्तु मिळाली, सरकारी ग्रंथमालेचें संपादन तिजकडे आलें, आणि महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें काम तिनें १९१९ त हातीं घेतलें. त्या कामासाठीं औंधचे राजेसाहेब बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं एक लाख रुपयांचें वचन दिलें होतें. आवृत्ति १९६६ त पुरी झाली. म्हणजे ती आरंभिली तेव्हां जन्मलेले बालक तोंवर सत्तेचाळीस वर्षांचें झालें. येथें एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं ती सांगतों. आवृत्तीला दाते मिळतात, कारण आवृत्तीवर नांव छापतां येतें. ज्या पोथ्यांच्या पाठभेदांवर ती आवृत्ति उभी राहिली त्यांच्या फडताळाला दाता मिळणें कठीण, कारण वाळवी न लागलेल्या फडताळाचा समारंभ होत नाहीं. शहाण्या चालकांनीं आवृत्तीच्या अंदाजपत्रकांतच फडताळ घालावें, ही युक्ति आम्ही सुचवितों; आणि पुढें दिसेल कीं परदेशांत आतां तोच नियम झाला आहे.

पेशवे दप्तराची कथा निराळी. तें दप्तर इतिहासप्रेमानें राखिलें गेलें असा कोणाचा समज असेल तर तो त्यानें सोडावा. १८१८ नंतर कागद कंपनी सरकारच्या हातीं गेले, व इनामांच्या चौकशीसाठीं १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशन बसलें तेव्हां त्यांस भाव आला. ज्याचें इनाम खरें त्याचा पुरावा त्यांत, व ज्याचें खोटें त्याचाहि त्यांतच. पुण्यांत १८९१ त दप्तरासाठीं भक्कम इमारत झाली ती महसुलाच्या गरजेपोटीं. त्या गरजेच्या सावलींत राहिलेल्या कागदांतूनच पुढें गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० पासूनच्या चार-पांच वर्षांत निवडक पत्रांचे पंचेचाळीस खंड काढिले. जो कागद कोणाच्या तरी रोजच्या व्यवहाराला लागतो त्याच्या राखणीचा खर्च तो व्यवहारच सोसतो. व्यवहार संपतांच कागद पोरका होतो. आमच्या खेड्यांतील वतनी रुमाल आज माळ्यावर आहेत ते याच कारणानें. वतनें गेलीं, कागदांचा पोशिंदा गेला.

खाजगी विद्वानांनीं हा भार कसा वाहिला तें पाहिलें म्हणजे अभिमान वाटतो व वाईटहि वाटतें. काशीनाथ नारायण साने प्रभृतींचें 'काव्येतिहाससंग्रह' हें मासिक १८७८ त निघालें. वर्गणीदारांच्या बळावर तें दहा-अकरा वर्षें चाललें व थांबलें. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे हे शाळेंत संस्कृत शिकवीत. अध्यापकाच्या तुटपुंज्या प्राप्तींत त्यांनीं पटवर्धनी दप्तरांतील कागद निवडून 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'चे खंड १८९७ पासून १९२४ त मृत्यु येईपर्यंत एकामागून एक काढिले. त्याच धंद्यांत आमचा जन्म गेला असल्यामुळें त्या खंडांस हात लावतांना आम्हांस नेहमीं ओशाळल्यासारखें होतें. साताऱ्यास दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनीं अपार संग्रह केला. ते १९२६ त निवर्तले, व तेथील ऐतिहासिक वस्तुसंग्रह १९३९ त पुण्यास डेक्कन कॉलेजांत हलविण्यांत आला. एका माणसाच्या उत्साहावर उभा राहिलेला संग्रह त्या माणसामागें आपल्या गांवीं राहणें किती कठीण, हें यावरून दिसतें. याच्या उलट पुण्याचे वकील महादेव चिमणाजी आपटे यांनीं १८८८ त आनंदाश्रम स्थापिला तेव्हां वास्तु, पोथ्यांचा संग्रह व ग्रंथमाला या तिन्ही गोष्टी एकत्र बांधिल्या. पोथीवरून ग्रंथ छापावा, ग्रंथ विकावा, विक्रींतून पुन्हां पोथी राखावी, असें तें रहाटगाडगें आहे. आपटे १८९४ त वारले. आश्रम अजून चालतो.

इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांचें नांव घेतल्यावांचून खानदेशांत हा विषय पुरा होत नाहीं. खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्यासह त्यांनीं ७ जुलै १९१० रोजीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिलें. तेथें आज पंधरा लाखांहून अधिक कागद आहेत. पुढें मंडळाशीं न पटून ते निघाले व अखेर धुळ्यास ३१ डिसेंबर १९२६ रोजीं देह ठेविला. मागें राहिल्या त्या पोथ्या, टिपणें व कागदांच्या पेट्या. धुळेकरांनीं त्या पेट्यांसाठीं राजवाडे संशोधन मंडळ उभें केलें. त्याच शहरांत शंकर श्रीकृष्ण देव यांनीं सत्कार्योत्तेजक सभेच्या आश्रयानें रामदासी वाङ्मयाचीं हस्तलिखितें गांवोगांवच्या मठांतून जमविलीं, व त्यांसाठीं समर्थ वाग्देवता मंदिर झालें. कापसाच्या व्यापारावर वाढलेल्या मध्यम प्रतीच्या शहरांत असे दोन ग्रंथसंग्रह लोकवर्गणीवर उभे राहावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. वर्गणी हीहि एक प्रकारची पेठेवरील पट्टीच. फरक हा कीं पाटणची पट्टी सक्तीची होती व ही प्रेमाची आहे, आणि प्रेमाची पट्टी दर पिढीस नव्यानें बसवावी लागते.

ती न बसली तर काय होतें तें आम्हीं स्वतः पाहिलें आहे. एका घराण्याचा रुमाल आमच्या मध्यस्थीनें एका संस्थेस दिला गेला होता. संस्थेचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. दहा वर्षांनीं एका तारखेची खातरजमा करण्यासाठीं आम्ही तेथें गेलों, तेव्हां रुमाल मिळाला. परंतु त्यावरील गांठ आमच्याच हातची होती. चालकांनीं मोकळ्या मनानें सांगितलें कीं यादी करणाऱ्या कारकुनाचें वेतन ज्या देणगींतून होत असे ती संपली, व तेव्हांपासून आलेला एकहि रुमाल सोडलेला नाहीं. त्यांचा दोष आम्ही मानीत नाहीं. रुमाल देणाऱ्यानें रुमालासोबत कारकुनाची भाकर दिली नव्हती, आणि घेणाऱ्यानें ती मागितली नव्हती.

आतां छायाचित्रांचा विचार करूं. संगणकीय प्रतीमुळें राखणीचा खर्च नाहींसा होतो, असा समज आज सर्वत्र आहे. समजा, एका पोथीचीं दोनशें पानें आहेत. म्हणजे चारशें पृष्ठें. प्रत्येक पृष्ठाचें उत्तम चित्र पन्नास मेगाबाइटचें धरिलें तर एका पोथीस वीस गिगाबाइट लागतात, व अशा हजार पोथ्यांस वीस टेराबाइट. एक प्रत ठेवून भागत नाहीं. निदान तीन ठेवाव्या, व त्यांतील एक दुसऱ्या गांवीं. तबकड्या चार-पांच वर्षांनीं बदलाव्या लागतात. घोटीव कागद तीनशें वर्षें कोणी न पाहतां टिकतो. तबकडी तीस वर्षें कोणी न पाहतां ठेविली तर ती बहुधा उघडणार नाहीं, आणि उघडलीच तर तिच्यांतील लिपी वाचणारें यंत्र सांपडणार नाहीं. मोडी वाचणारे दुर्मिळ झाले म्हणून आपण हळहळतों. ही नवी मोडी तर दर दहा-पंधरा वर्षांनीं आपोआप तयार होते!

विद्यापीठांच्या ग्रंथालयांपुढें हाच प्रश्न संशोधनाच्या आधारसामग्रीच्या रूपानें उभा आहे. शास्त्रज्ञांचीं मोजमापें, समाजशास्त्रज्ञांच्या नोंदी, भाषाशास्त्रज्ञांचीं ध्वनिमुद्रणें हे त्यांचे रुमाल. अमेरिकेंतील प्रिन्स्टन विद्यापीठांत २०१० च्या सुमारास एक हिशेब मांडला गेला, तो मोठा चतुर आहे. तबकडीचा भाव सतत उतरत असतो. आज एका संग्रहास दहा हजार रुपयांची तबकडी लागली, व चार वर्षांनीं बदलतांना भाव निम्मा झाला, तर तेव्हां पांच हजार लागतील. पुढें अडीच हजार, मग साडेबाराशें. ही परंपरा कधीं संपत नाहीं, पण तिची बेरीज वीस हजारांपलीकडे जात नाहीं. म्हणून सामग्री देणाऱ्याकडून आरंभींच सुमारें दुप्पट घ्यावे व ती कायमची ठेवावी. गुणोत्तर श्रेढीचें गणित भास्कराचार्यांनीं लीलावतींत दिलें आहे. पाटणच्या मठांतील विद्यार्थ्यांस हा हिशेब समजावयास अडचण पडली नसती.

मात्र त्या हिशेबांत एक उणीव आहे, आणि ती पाटणच्या मठांतील स्वयंपाक्यानेंहि दाखविली असती. तबकडीचा भाव उतरतो. माणसाचें वेतन चढतें. यादी करणें, नांवें तपासणें, जुन्या स्वरूपांतून नव्यांत उतरविणें हें काम माणसाचें आहे, व तेथें श्रेढी उलट दिशेनें चालते. म्हणून परदेशांतील ग्रंथालयें एकाच मार्गावर अवलंबून राहत नाहींत. कोणी ग्रंथालयाच्या नेमणुकींतूनच खर्च काढितात, कोणी सामग्री ठेवणाऱ्याकडून फी घेतात, कोठें पुष्कळ विद्यापीठें मिळून वर्गणीनें एक सामाईक भांडार चालवितात, तर कोठें संशोधकास मिळालेल्या अनुदानांतून कांहीं हिस्सा कापून घेतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानानें जानेवारी २०११ पासून असा नियम केला कीं अनुदानाच्या अर्जासोबतच सामग्री कशी राखणार याची योजना जोडावी; तिचा खर्चहि अनुदानांत मागतां येतो. वर आम्हीं 'आवृत्तीच्या अंदाजपत्रकांत फडताळ' म्हटलें तें हेंच. अनुदान तीन-चार वर्षांत संपतें व सामग्री मागें राहते, ही अडचण उरतेच. म्हणून पैसा हातीं आहे तोंवर पुढील राखणीचा भाग बाजूस काढावा लागतो.

आमच्याकडे जळगांवच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठासारख्या, १९९० त स्थापन झालेल्या विद्यापीठास स्वतःचें मोठें भांडार चालविणें जड जातें. प्रबंधांपुरती त्यावर तोड निघाली आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्रीय संस्थेचें 'शोधगंगा' हें भांडार विद्यापीठांचे प्रबंध विनामूल्य ठेवून घेतें. पण प्रबंधकारानें ज्या मोडी कागदांवरून प्रबंध लिहिला त्यांचीं चित्रें बहुधा त्याच्याच संगणकांत राहतात, व संगणक बिघडला कीं जातात.

हस्तलिखितांसाठीं केंद्र सरकारनें २००३ त राष्ट्रीय पांडुलिपि मिशन सुरू केलें. त्याची वार्षिक तरतूद साडेतीन कोटींपर्यंत उतरली होती. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकांत 'ज्ञान भारतम्' या नव्या योजनेसह ती साठ कोटी करण्यांत आली, व एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची नोंद व जतन करण्याचें ध्येय जाहीर झालें. सतरापट वाढ ही आनंदाचीच गोष्ट आहे. तरी आंकडा पोथीवर वांटून पाहण्याची आमची खोड जात नाहीं: पोथीमागें साठ रुपये. आणि ज्या हातानें एका वर्षांत सतरापट वाढविलें तो हात एका वर्षांत सतरावा हिस्साहि करूं शकतो. अशा पैशांतून एकदांच करावयाचीं कामें उरकून घ्यावीं: यादी, छायाचित्रें, फडताळें. रोजची भाकर त्यावर लावूं नये.

५ जानेवारी २००४ रोजीं भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला व ग्रंथांची नासधूस झाली, तेव्हां प्रती एकाहून अधिक ठिकाणीं असाव्या ही दुसरी कसोटी सर्व महाराष्ट्राच्या ध्यानांत आली. दुर्दैव इतकेंच कीं दुसऱ्या ठिकाणची प्रत म्हणजे दुसऱ्या ठिकाणचा खर्च, हें तितकेंसें ध्यानांत राहिलें नाहीं.

यावरून संग्राहकांस आमची विनंती अशी. रुमाल संस्थेस देतांना त्यासोबत कायम निधि द्यावा, व दानपत्रांत लिहावें कीं मुद्दलास हात न लावितां व्याजाचा उपयोग राखणीकडेच करावा. शिवाय व्याजांतील कांहीं अंश दरसाल मुद्दलांत मिळवावा, म्हणजे आंकडा भाववाढीमागें अगदींच पडणार नाहीं. रक्कम किती, असें विचाराल तर संस्थेसच विचारावें कीं एका रुमालास वर्षाकाठीं काय खर्च येतो. ज्या संस्थेस हें सांगतां येत नाहीं तिला तो हिशेब करावयास लावणें हीहि तिची सेवाच आहे. श्रीमंती नसेल तर घराण्यांतील चार भावांनीं मिळून वर्गणीदार व्हावें व वर्गणी वारसांकडे चालवावी. संस्थांनींहि आपल्या प्रकाशनांच्या विक्रींतील ठराविक शेंकडेवारी राखणीच्या खातीं वेगळी काढावी. पुस्तकांच्या किंमती वाढतील तसें तें खातें वाढेल, आणि पाटणच्या घाण्याचें तेल पुन्हां दिव्यास मिळूं लागेल. छायाचित्रें काढलीं तर एक प्रत घरीं, एक ज्या संस्थेस मूळ दिलें तिच्याकडे व एक तिसऱ्या गांवीं असावी, आणि तिन्ही ठिकाणच्या तबकड्यांवर त्या केव्हां बदलावयाच्या तें साल लिहावें.

ज्यांस पोथ्या घरींच ठेवावयाच्या आहेत त्यांनीं जैनांची पंचमी उसनी घ्यावी. त्यास कोणाची हरकत असण्याचें कारण नाहीं. दिवाळीनंतर त्या दिवशीं रुमाल उघडावे, सावलींत वारा द्यावा, पानें मोजून संख्या वहींत लिहावी, कसर दिसली तर तीहि लिहावी, धुतलेलें कोरडें फडकें घेऊन पुन्हां बांधावे, आणि त्या वर्षाचे पैसे त्याच दिवशीं डब्यांत टाकावे. वहींतील पहिली नोंद घरांतील सर्वांत लहान वाचत्या मुलाकडून करून घ्यावी, म्हणजे पुढील पन्नास वर्षें तरी ती वही ओळखणारें कोणी घरांत राहील.